आधी माणसाच्या, मग उंदराच्या

आमच्या घरात दुधाचा डाव आणि ताकाचा डाव वेगवेगळ्या खिळ्यांना टांगलेले असतात. चुकून कुणी ताकातला डाव दुधाच्या पातेल्यात घातला, तर मी ओरडते. मग ते सगळं दूध विरजायला लावते, कारण आता ते दूध राहिलं नाही अशी माझी खात्री असते. सुनेला वाटतं, सासूचं वय झालं. नवऱ्याला कारण माहीत आहे, म्हणून तो पेपरात तोंड घालून बसतो.

मी आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलं. आई म्हणायची, सुमनच्या पायाला भिंगरी बांधलीय. एका जागी दहा मिनिटं बसणं मला कधी जमलं नाही. अशा बाईला नोकरी मिळाली ती सूक्ष्मदर्शकात तासन् तास डोळा घालून बसायची. नव्वदच्या सुमाराला कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये मी लागले. जिन्याखाली दोन खोल्या, बाहेर बाकडं, आणि बाकड्यावर गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणायचं कारण, आमचे मालक पेशंट हा शब्द वापरत नसत.

एकदा तालमीच्या फुटबॉल संघाचा सेंटर फॉरवर्ड आला. सहा फुटी गडी, मैदानात ज्याच्या वाटेला कुणी जात नाही असा. बरोबर आठ-दहा समर्थक. मी सुई काढली आणि हा आडवा. समर्थक घाबरले, कुणी कांदा आणला, कुणी चप्पल नाकाला लावली. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं वाक्य काय बोलावं? "बाई, ह्ये पलीकडच्या पेठेत कळाय न्हाई पायजे." मी आजपर्यंत कुणाला बोलले नाही. आता तो आजोबा झालाय, चालेल.

त्या लॅबमध्ये मी रक्ताच्या आणि हाडातल्या मगजाच्या काचपट्ट्या इतक्या बघितल्या, की वाईट पेशी कोपऱ्यात लपली असली तरी मला सापडायची. त्याच नावावर दोन हजार सालानंतर सरांनी मला बोलावून घेतलं. सर म्हणजे परदेशात शिकून परत आलेले हृदयाचे डॉक्टर. एका ट्रस्टच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर चादरी ठेवायच्या दोन खोल्या होत्या, त्या त्यांनी मागून घेतल्या आणि तिथे संशोधनाची लॅब मांडली. सर, मी आणि एक बंद-चालू होणारा एसी, एवढाच संसार.

काम काय होतं ते सोप्यात सांगते. कोल्हापूरकराला मगज समजवावा लागत नाही. मटणातली नळी ओढली की तोंडात येतो तोच. माणसाच्या हाडांतही तो असतो आणि तिथे रक्त तयार होतं. त्यात थोड्या पेशी अशा असतात, की त्यांनी पुढे काय व्हायचं ते अजून ठरलेलं नसतं. हाड होतील, चरबी होतील, कूर्चा होतील. ह्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल. आता हृदयाचा झटका आला की हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा मरतो. तिथे नवा स्नायू उगवत नाही, नुसता वण राहतो. सरांचा ध्यास असा, की मगजातल्या ह्या न ठरलेल्या पेशींना हृदयाचा स्नायू व्हायला लावायचं. परदेशात उंदराच्या मगजातून असं झाल्याचे लेख त्यांच्या टेबलावर असत.

कमरेच्या हाडातून सुईने मगज काढायचा, प्लेटमध्ये ठेवायचा. दोन-तीन दिवसांत रक्ताच्या पेशी वर तरंगतात, त्या धुऊन टाकायच्या. तळाला ज्या चिवटपणे चिकटून राहतात त्या आपल्या. त्या वाढवायच्या आणि मग त्यांच्यावर एक औषध चोवीस तास ठेवायचं. ते औषध पेशीला तिचं जुनं वळण विसरायला लावतं म्हणतात. मग औषध धुवायचं आणि दोन-तीन आठवडे वाट बघायची. पेशी लांबट होतात, एकमेकींना चिकटतात, आणि नशीब जोरावर असेल तर धडधडायला लागतात. शरीराबाहेर, प्लेटमध्ये, आपल्या आपण.

वाट बघणं हे माझ्यासारखीला शिक्षाच. दर तिसऱ्या दिवशी पेशींचं पाणी बदलायचं, सण असो की सुतक. पाणी म्हणजे गुलाबी रंगाचं खाद्य, त्यात वासराच्या रक्तातलं सीरम. वीज गेली की जनरेटर, जनरेटरने मान टाकली की गरम पाण्याच्या बाटल्या. रविवारी मी जेवता जेवता उठून लॅबमध्ये जाऊन येई. नवरा म्हणायचा, "तिथं पाळणा बांधलायस काय?"

पहिल्या वर्षी एकदा सर ओरडले, "कांबळेबाई, हलतंय!" मी डोळा लावला. खरंच सगळी प्लेट हलत होती. दोघांनी पेढे आणायचं ठरवलं आणि तेवढ्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद पडला, त्याबरोबर हलणंही थांबलं. त्यानंतर आमच्याकडे नियम झाला, प्लेट बघायच्या आधी फ्रिज बंद.

दुसरा नियम उंदरांचा. धडधडणारी पेशी कशी दिसते ते डोळ्याला आधी माहीत हवं, म्हणून सर एका कॉलेजातून नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या हृदयाच्या पेशी आणायचे. त्या आपल्या आपण धडधडतातच, त्यांना काही शिकवावं लागत नाही. सीरमचा तुटवडा असल्यामुळे खाद्याची बाटली दोन्हींना मिळून एकच होती. म्हणून सरांनी भिंतीवर लिहून ठेवलं होतं, आधी माणसाच्या, मग उंदराच्या. म्हणजे माणसाच्या प्लेटांना खाद्य आधी घालायचं, उंदराच्यांना शेवटी, आणि उरलेली बाटली फेकायची. उंदराच्या प्लेटला लागलेली खाद्य ओढायची नळी बाटलीत गेली आणि मग ती बाटली माणसाच्या प्लेटेत ओतली, तर काय होईल हे ज्याच्या घरात दूध-दुभतं आहे त्याला सांगायला नको.

महादूआण्णा चौगुले ह्याच काळात आले. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत साचे करायचे. पन्नाशीचे, काळे, रुंद हातांचे. झटका येऊन गेलेला, जिना चढताना दम लागायचा. डॉक्टरांनी बायपास सांगितलेलं. सरांनी त्यांचा मगज अभ्यासाला मागितला. संमतीचा कागद मीच त्यांना वाचून दाखवला. हा प्रयोग आहे, हा उपचार नव्हे, ह्याचा तुम्हाला काही फायदा होणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आण्णांनी ऐकलं आणि म्हणाले, "न्हाई तर न्हाई. आमच्याकडनं कुणाचं तरी भलं होऊ दे की."

त्यांचा मगज छान निघाला. थोड्या पेशी पुढे लागतील म्हणून आम्ही गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या. तो नायट्रोजन आम्हाला दूध संघाकडून मिळायचा. आण्णांनी तो कॅन बघितला आणि ओळखला.

"बाई, ह्यात वळूचं बी ठेवत्यात न्हवं? गावातल्या गाईला घिऊन येतोय की डॉक्टर."

"होय, तोच कॅन."

"म्हंजी मीबी वळू झालो की!" आणि एवढे हसले, की खुर्चीत बसवून पाणी द्यावं लागलं. त्यांच्या बायको पारूवैनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "ह्येंच्या जिभंला हाडच न्हाई बघा."

पेशींना तीन दिवसांनी खाद्य लागतं म्हटल्यावर आण्णांना आमचं काम एका दमात कळलं. "म्हशीगत हाय म्हना. दारात म्हस असली की पावण्याच्या घरी मुक्काम न्हाई." इतकं नेमकं मला सरांच्या लेखांतही कुठे वाचायला मिळालं नाही.

त्यांच्या चार प्लेटा होत्या. तिघींना औषध दिलं, चौथीला दिलं नाही. ही चौथी फार महत्त्वाची. तिला कंट्रोल म्हणतात. औषधाने काही झालं असं म्हणायचं असेल, तर औषधाशिवाय ते होत नाही हे दाखवावं लागतं. पण चौथीचं कुणाला कौतुक नसतं. तिच्यात काही घडू नये एवढंच तिचं काम.

औषध देऊन दहाएक दिवस झाले असतील. पाऊस लागून राहिला होता. सकाळी कुरुंदवाडहून भावाचा फोन आला. नदीचं पाणी चढतंय, दादा घर सोडायला तयार नाहीत, रस्ता बंद व्हायच्या आत ये. दादा म्हणजे आमचे वडील, गवंडीकाम केलेले. विहारात ऐकलेलं एक वाक्य ते सारखं सांगायचे, ऐकीव मानू नकोस, बघून मान. पाण्याच्या बाबतीतही त्यांचं तेच, मी बघतो मग निघतो.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. प्लेटांना खाद्य घालून पळायचं होतं. उंदराच्या प्लेटा पुढे होत्या, आदल्याच दिवशी लावलेल्या, पेशी अजून तळाला नीट बसायच्या होत्या. हाताला आल्या तशा मी त्या आधी केल्या. मग आण्णांच्या चारही. नळी तीच, बाटली तीच. भिंतीवरचं वाक्य माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी वाचत नव्हते. स्टँडवर जाऊन एसटी पकडली. दादांना हाताला धरून बाहेर काढलं आणि चार दिवस शाळेत सगळ्यांबरोबर अडकून पडले.

परत आले ती तडक लॅबमध्ये. फ्रिज बंद केला. आण्णांची पहिली प्लेट ठेवली, डोळा लावला.

एका कोपऱ्यात पेशींचा एक पुंजका आकसत होता आणि सैल होत होता. बाकी प्लेट शांत होती. मी एसी बंद केला, पंखा बंद केला, श्वास धरला. तरी तो पुंजका थांबेना. दुसऱ्या प्लेटेत तसाच. तिसरीत दोन. मी रडले. सर आले, त्यांनी बघितलं आणि खुर्चीवर नुसते बसून राहिले. फ्रिज बंद आहे ना, एवढंच त्यांनी दोनदा विचारलं.

आता माझी चूक सांगते. उंदराची बाटली ही चूक हाताने झाली. ही दुसरी तोंडाने झाली, आणि ती जास्त मोठी. त्या आठवड्यात आण्णा तपासणीला खाली आले होते. मला दम निघेना. सरांना न विचारता मी त्यांना वर घेऊन आले, स्टुलावर बसवलं.

"एक डोळा मिटा. दिसलं?"

त्यांनी स्टूल पुढे ओढलं, डोळा भिंगाला टेकवला. मग त्यांचा रुंद हात आपोआप छातीवर गेला.

"ह्ये माजं हाय?"

"तुमचंच."

"आयला," ते हळूच म्हणाले, "भाईर बी चाललंय की."

त्यानंतर दर सोमवारी आण्णा येऊ लागले. सुट्टी काढून, दम खात, तीन मजले चढून. फाउंड्रीत सगळ्यांना सांगून झालं, की माझं नवीन काळीज कोल्हापुरात तयार होतंय. मला ते ऐकून बरं वाटत होतं, हे लपवत नाही. पेठेतल्या जिन्याखालून मी इथवर आले होते. लिहिलेला कागद त्यांना पुन्हा वाचून दाखवावा असं एकदाही माझ्या मनात आलं नाही.

तिसऱ्या सोमवारी पारूवैनी मला जिन्यात भेटल्या. सहज बोलावं तसं म्हणाल्या, "आपरेशनची तारीख आलती, पर ह्येंनी न्हाई म्हनून सांगितलं. म्हनले, सवताचं तयार व्हतंय तर छाती कशाला फाडायची? तुमीच दावलंसा न्हवं."

मी काहीतरी बोलून वर आले, पण हाताला काम सुचेना. ह्या पेशी माणसात घालायला अजून कित्येक वर्षं होती, कदाचित कधीच नाही. हे सरांनी सांगायला हवं, मी सांगायला हवं, आजच सांगायला हवं. असं मनात घोळत असताना मी नुसतंच काहीतरी करायचं म्हणून चौथी प्लेट काढली. त्या तीन आठवड्यांत तिला खाद्य घातलं होतं, पण डोळा लावून नीट बघितलं नव्हतं.

कडेला, अगदी काठाशी, चार-पाच पेशी धडधडत होत्या.

मी घड्याळ लावून मोजलं. भराभर, माणसाच्या हृदयाला न शोभेल इतकं. औषध न दिलेली प्लेट. मला पावसाची ती सकाळ आठवली, पुढे ठेवलेल्या उंदराच्या प्लेटा आठवल्या, आणि त्याच नळीने बाटलीत गेलेल्या त्यांच्या सुट्या पेशी. दादा म्हणायचे, बघून मान. मी बघितलं होतं. फक्त जे बघायचं होतं तेवढंच बघितलं होतं.

सरांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, ते जास्त कठीण गेलं. खिडकीशी गेले, परत आले. म्हणाले, "पुण्याला तपासणीला पाठवू. रिपोर्ट येईपर्यंत कुणाला काही बोलू नका."

"सर, त्यांनी ऑपरेशन रद्द केलंय."

"मग रिपोर्ट आल्यावर सांगू. खात्री झाल्याशिवाय कसं सांगणार?"

"दाखवताना तरी कुठे होती खात्री?" मी बोलून गेले. ते मी दाखवलं होतं, सरांनी नाही, हेही मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज ठेवला आणि शिरोलीजवळच्या त्यांच्या गावची बस धरली. नोकरी राहील की जाईल हा विचार वाटेत आला, पण बस थांबवावी इतका मोठा नव्हता.

आण्णा गोठ्यात बसले होते. पारूवैनींनी चहा टाकला. मी चहा न पिता सगळं सांगितलं. बाटली, नळी, पाऊस, चौथी प्लेट. रिपोर्ट यायचाय, पण मला खात्री आहे, तेही सांगितलं.

"म्हंजी ती उंद्राची व्हती?"

"होय आण्णा."

त्यांनी म्हशीपुढची वैरण सारखी केली. मग ते म्हणाले, "मंग तवा माजं हाय म्हून का सांगितलंसा?"

ह्या प्रश्नाला मी त्या दिवशी खरं उत्तर दिलं. म्हटलं, "मला आनंद झाला होता. कुणाला तरी दाखवायचं होतं."

"मला दावाय नको हुतं," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "मी तीन हप्तं वर चढून उंदीर बघत हुतो व्हय." आणि त्यांनी तोंड फिरवलं. ते हसतील, वळूसारखा एखादा विनोद करतील, असं मला अजून कुठेतरी वाटत होतं. ते हसले नाहीत. पारूवैनी मला बसपर्यंत सोडायला आल्या. बस आली आणि मी चढताना म्हणाल्या, "आपरेशनचं मी बघतो. न्हेतो म्या त्यास्नी."

त्यांनी नेलं. पहिली तारीख गेली होती, नवी मिळायला वेळ लागला. ऑपरेशन झालं, पण मध्यंतरी हृदय आणखी थकलं होतं असं डॉक्टर म्हणाले. ते माझ्यामुळे किती आणि आजारामुळे किती, हे मला कुणीच सांगू शकलं नाही. मी पुष्कळांना विचारलं. आण्णा फाउंड्रीत परत गेले नाहीत. म्हशीचं बघायचे, चावडीवर बसायचे, असे काही वर्षं जगले.

पुण्याचा रिपोर्ट मला वाटलं होतं तसाच आला. उंदीरच. सरांनी मला काढलं नाही. महिनाभर बोलले नाहीत, आणि मग एका सकाळी टेबलावर दोन बाटल्या दिसल्या. त्यांच्या अक्षरात एकीवर लिहिलं होतं माणूस, दुसरीवर उंदीर. पुढे आम्ही तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला, वेगळ्या बाटलीने. पेशी लांबट झाल्या, हृदयाच्या स्नायूत असतात त्यातली एक-दोन प्रथिनं त्यांच्यात दिसली. पण धडधडलं काही नाही. एकदाही नाही. काही वर्षांनी सर पुण्याला गेले आणि लॅब बंद करायचं ठरलं.

नायट्रोजनचा कॅन रिकामा करायचा होता. तळाशी आण्णांची एक कुपी निघाली. संमतीच्या कागदात लिहिलं होतं, उरलेलं काय करायचं ते घरच्यांना विचारून. आण्णा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी पारूवैनींना निरोप धाडला. त्या आल्या.

"टाकायचं म्हंजी कुठं?" त्यांनी विचारलं.

"जाळतात."

"जिवंत हाय ते?"

मी म्हटलं, गोठलेलं असताना सांगता येत नाही, बाहेर काढून वाढवलं तर कळेल. त्या म्हणाल्या, "मंग काडा की." सरांना फोन केला. ते म्हणाले, "काढा."

कुपी कोमट पाण्यात धरली, पेशी प्लेटेत सोडल्या. तीन दिवसांनी पारूवैनी पुन्हा आल्या, मी स्टूल ओढलं. तळाला लांबट पेशी चिकटून होत्या, पारदर्शक, अगदी शांत. पुष्कळ नव्हत्या. पण होत्या.

वैनींनी एक डोळा घट्ट मिटला. खूप वेळ बघत राहिल्या. मी एसी बंद केला नाही, फ्रिज बंद केला नाही, काही सांगितलंही नाही.

"हालत न्हाई काय," त्या म्हणाल्या.

"नाही. ह्या हलत नाहीत वैनी."

"आनी जिवंत हाईत?"

"जिवंत आहेत."

त्यांनी डोळा काढला नाही. तसंच वाकून, हळूच विचारलं, "आनी ह्या टायमाला त्येंचंच हाय न्हवं? उंद्राचं न्हाई न्हवं?"

इतक्या वर्षांत मी शहरात राहून माझी बोली झाकून टाकली होती. त्या दिवशी ती आपोआप आली.

"व्हय वैनी, त्येंचंच," मी म्हणाले. "ह्या टायमाला बाटली येगळी हाय."